बदलत्या परिस्थितीत आज्ञावलीने कसे वागावे?

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. वर्षाकाठी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही हुलकावण्या देणारा. परंतु भीमाशंकरच्या घाटमाथ्यावर किंवा मुळा-मुठेच्या उगमाकडे मुसळधार वृष्टी झाली की तिचे पाणी याच सीमेवरून उजनीकडे धावते. वर आकाश कोरडे आणि खाली नदी दुथडी, हे दृश्य येथील शेतकऱ्याला नवे नाही. घोड आणि चासकमान प्रकल्पांचे पाणी शिरूरला मिळते, खडकवासल्याच्या कालव्याचे दौंडला. शिवाय विहिरी, विंधनविहिरी आणि उपसा योजना आहेतच. या सर्वांवर मुख्यत्वे ऊस उभा आहे. पाणी, वीज आणि ऋतू या तिन्ही गोष्टींचा ज्या प्रदेशात भरवसा नाही, त्या प्रदेशात यंत्राने परिस्थिती ओळखून आपले वर्तन बदलावे, ही अपेक्षा चैनीची म्हणता येणार नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाला दिलेली आज्ञावली, दोन प्रकारची असू शकते. कोषागारातील वेतनदेयक तयार करणारी आज्ञावली बाहेर पाऊस आहे की ऊन, याची चौकशी करीत नाही, आणि तिने ती करूही नये. दुसऱ्या प्रकारची आज्ञावली मात्र सभोवतालचे मोजमाप घेते, त्यावरून कृती ठरवते, कृतीचा परिणाम पुन्हा मोजते आणि पुढची कृती सुधारते. हे चक्र अखंड चालू राहते. कल्पना जुनी आहे. १७८८ साली जेम्स वॅटने वाफेच्या यंत्राला फिरत्या गोळ्यांचा वेगनियामक जोडला, तेव्हा हेच चक्र लोखंडात उतरले होते. यंत्र वेगात आले की गोळे बाहेर फाकत आणि वाफेची झडप आवळली जाई. आता गोळ्यांच्या जागी आज्ञावली आली आहे आणि ती वाफेच्या यंत्राखेरीज आणखी पुष्कळ गोष्टी चालवू लागली आहे. म्हणून अशी आज्ञावली रचणाऱ्याने कोणता विचार करावा आणि ती विकत घेणाऱ्या ग्रामपंचायतीने वा कार्यालयाने काय पाहावे, हे समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

उन्हाचा माग काढणारा पंप

अशा आज्ञावलीचे सर्वांत ओळखीचे उदाहरण दोन्ही तालुक्यांच्या शिवारात उभे आहे. केंद्राची कुसुम योजना आणि २०२४ पासूनची राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांमुळे सौर पट्ट्या आता खेडोपाडी दिसतात. पट्ट्यांच्या खांबाला एक पेटी असते. तिला शेतकरी ‘कंट्रोलर’ म्हणतात. पट्ट्यांतून जास्तीत जास्त शक्ती ज्या विद्युतदाबाला मिळते, तो बिंदू स्थिर नसतो. उन्हाबरोबर आणि पट्ट्यांच्या तापमानाबरोबर तो सरकत राहतो. पेटीतील आज्ञावली तो बिंदू शोधण्यासाठी दाब किंचित बदलून पाहते. शक्ती वाढली तर त्याच दिशेने आणखी एक पाऊल टाकते. घटली तर मागे वळते. धुक्यात टेकडी चढणारा मनुष्य पायाखालचा चढ चाचपत वर जातो, तसा हा प्रकार आहे. मिळालेल्या शक्तीनुसार मोटरीची गती कमी-जास्त होते. म्हणूनच सकाळी कोवळ्या उन्हात पाण्याची धार बारीक असते आणि दुपारी भरून येते.

ही पद्धत साधी आणि गुणकारी आहे, पण तिच्यात एक उणीव आहे आणि तीच या विषयाची गुरुकिल्ली आहे. आज्ञावलीने दाब बदलला त्याच क्षणी ढग बाजूला झाला, तर शक्ती वाढते ती ढगामुळे. आज्ञावली मात्र ते आपल्या पावलाचे फळ समजते आणि चुकीच्या दिशेने पुढे जाते. सभोवताल स्वतःहून बदलला की आपल्या कृतीमुळे बदलला, हा भेद करता आला नाही तर जुळवून घेणे हे जुळवून घेणे राहत नाही.

याच पेटीत दुसरीही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. विहिरीचे पाणी संपले आणि मोटर कोरडी फिरू लागली, की पेटी ती बंद करते. येथे आज्ञावली काही चाचपून पाहत नाही, शिकत नाही, तडजोड करीत नाही. मोटर कोरडी चालता कामा नये, एवढेच तिला ठाऊक असते. काय बदलावे यापेक्षा काय कदापि बदलू नये, हे रचनाकाराने आधी ठरवावे लागते. पुष्कळ आज्ञावल्या हुशार असूनही घातक ठरतात, त्या याच ठिकाणी.

एका डीपीवरचे दहा पंप

सौर पंप एकटा असतो. त्याच्या वागण्याने शेजाऱ्याचे ऊन कमी होत नाही. विजेच्या पंपाची गोष्ट निराळी आहे.

शेतीपंपांना वीज ठराविक तासच मिळते आणि मध्येच ती जाते-येते. रात्री-अपरात्री वीज आली म्हणून उठून मोटर सुरू करायला जाणे कोणालाही नको असते. म्हणून शेतकऱ्यांनी स्टार्टरच्या पेटीत ऑटोस्विच बसवून घेतले. वीज येताच हे उपकरण मोटर आपोआप सुरू करते. एका शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून सोयीचे काही नाही. परिस्थिती बदलली, यंत्राने ओळखले आणि ते कामाला लागले.

आता एकाच डीपीवर असे दहा पंप आहेत असे धरावे. डीपी ६३ केव्हीएची आहे. तिची क्षमता ४१५ व्होल्टला सुमारे ८७ अँपिअर. पाच अश्वशक्तीची एक मोटर चालू असताना साधारण साडेसात अँपिअर प्रवाह घेते. म्हणजे दहा मोटरींना ७५ अँपिअर. डीपी हा भार सहज पेलते. परंतु थेट सुरू होणारी मोटर पहिले काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. दहाही ऑटोस्विच एकाच क्षणी जागे झाले तर मागणी ४५० अँपिअरवर जाते. विद्युतदाब कोसळतो. दाब कोसळल्यामुळे मोटरींना वेग घ्यायला अधिक वेळ लागतो आणि तेवढा वेळ त्या जादा प्रवाह ओढीत राहतात. मग फ्यूज उडतो. जाड तार बांधून कोणी फ्यूजचा बंदोबस्त आधीच केलेला असेल, तर डीपी जळते. भर उन्हाळ्यात डीपी जळाली आणि बदलून मिळायला विलंब झाला, तर खोडव्याची काय अवस्था होते, हे येथे सांगायला नको. महावितरणने ऑटोस्विच काढून टाकावेत आणि कॅपॅसिटर बसवावेत, असे आवाहन वारंवार केले आहे, ते याच कारणाने.

या प्रसंगात कोणतेही उपकरण बिघडलेले नसते, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. दहाही ऑटोस्विच आपापले काम चोख करतात. दोष आहे तो रचनेच्या कल्पनेत. रचनाकाराने ‘सभोवताल’ म्हणजे केवळ वीज आहे की नाही, एवढेच मानले. वस्तुतः त्या पंपाचा सभोवताल म्हणजे उरलेले नऊ पंप होते.

हाच अपघात जगाच्या दुसऱ्या टोकाला, अतिशय विद्वान मंडळींच्या हातून घडला आहे. अमेरिकेत बर्कली येथे विद्यापीठ आणि लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यामध्ये जेमतेम चारशे यार्डांचे अंतर. ऑक्टोबर १९८६ मध्ये या दोहोंमधील संगणक-जाळ्यावरील दळणवळणाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर आला. तारा शाबूत होत्या. झाले असे की वाटेत गर्दी झाली, पाठवलेल्या संदेशांची पोच वेळेवर येईना, म्हणून प्रत्येक संगणक तोच संदेश पुन्हा पाठवू लागला. त्यामुळे गर्दी वाढली आणि पोच आणखीच येईनाशी झाली. प्रत्येकाचे वागणे समजूतदार होते. सर्वांचे मिळून वागणे आत्मघातकी होते.

व्हॅन जेकबसन या संशोधकाने १९८८ साली प्रसिद्ध केलेला उपाय आजही, थोड्याफार फरकाने, जगातील संगणक-जाळ्याला सावरून धरीत आहे. प्रत्येक संगणकाने सुरुवात अल्प भाराने करावी. पोच येत असेल तर भार वाढवीत जावा. पोच चुकली तर ती गर्दीची खूण समजून आपला भार एकदम निम्म्यावर आणावा आणि पुन्हा सावकाश वाढवावा. या योजनेत वरून हुकूम देणारा कोणी अधिकारी नाही. वाढताना जपून आणि मागे हटताना तत्परतेने, एवढी एकच शिस्त सर्वांच्या अंगी बाणवली आहे. महाराष्ट्रातील कालव्यांवरची शेजपाळी आठवावी. तिच्यात पाळीपत्रक आणि ते पाळायला लावणारी यंत्रणा लागते. जेकबसनच्या योजनेत पाळीपत्रक नाही, तरीही वाट सर्वांना मिळते. दोन्हींचे गुण आणि दोष निरनिराळे आहेत; तथापि जेथे ऐनवेळी कोण हजर आहे हेच माहीत नसते, तेथे दुसरी पद्धत अधिक टिकते.

डीपीच्या बाबतीत हाच विचार लावता येतो. वीज आल्यावर प्रत्येक पेटीने शून्य ते दहा मिनिटांच्या दरम्यानचा एखादा कालावधी चिठ्ठी काढल्याप्रमाणे निवडावा आणि तेवढे थांबावे. मग विद्युतदाब तपासावा. तो ठरलेल्या मर्यादेखाली असेल तर मोटर सुरू न करता पूर्वीपेक्षा दुप्पट थांबावे. चिठ्ठी दर वेळी नव्याने काढावी, हे महत्त्वाचे. क्रम कायमचा ठरवून दिला तर पहिल्या क्रमांकाच्या शेतकऱ्याला नेहमीच पहिले पाणी मिळेल आणि दहाव्याच्या वाट्याला वारंवार विजेचा शेवटचा तुकडा येईल. कालव्याच्या शेपटाकडील लाभधारकाचे दुःख ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा अन्याय चटकन कळेल. अशा पेटीसाठी लागणारा सूक्ष्म-संगणक आज अगदी किरकोळ किमतीत मिळतो. उणीव आहे ती शेजाऱ्याला हिशेबात धरण्याची.

पूर आणि मोजमापाची विश्वासार्हता

शेतातून नदीकडे वळले की प्रश्नाचा आकार वाढतो. दौंड तालुक्यातील वाळकी आणि शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस या गावांजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते. एका बाजूने खडकवासला साखळीतील धरणांचा विसर्ग आणि पुणे शहराच्या पक्क्या रस्त्यांवरून, छपरांवरून वाहून आलेले पाणी. दुसऱ्या बाजूने चासकमान, भामा आसखेड आदी धरणांचे पाणी. या सर्वांची बेरीज दौंडजवळ मोजली जाते, आणि उजनीच्या व्यवस्थापनापासून पंढरपूरच्या वाळवंटापर्यंत अनेकांचे लक्ष त्या आकड्याकडे लागलेले असते.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात राज्याच्या जलसंपदा विभागाने कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी पूर्वानुमानाची आणि जलाशय-परिचालनाची तत्काळ माहितीवर चालणारी प्रणाली उभारली. खोऱ्यांत ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक आणि पाणीपातळी-मापक बसवले गेले. त्यांची माहिती आपोआप केंद्राकडे येते आणि संगणकातील गणिती प्रारूप त्यावरून पुढील विसर्गाचा अंदाज बांधते.

असे प्रारूप परिस्थितीशी जुळवून कसे घेते? समजा, सकाळी सहाला त्याने दौंडला अमुक इतके पाणी असेल असे भाकीत केले आणि प्रत्यक्षात ते त्याहून अधिक निघाले. ही तफावत दुर्लक्षून चालत नाही. तिचा उपयोग करून प्रारूप नदीच्या आताच्या स्थितीविषयीची आपली समजूत दुरुस्त करते आणि दुपारचा अंदाज त्या दुरुस्तीनिशी मांडते. भाकीत, मापन, दुरुस्ती आणि पुन्हा भाकीत हा त्याचा क्रम. ही रीत नसती तर पहिल्या प्रहरातील चूक दिवसभर वाढत गेली असती.

पण तफावतीची कारणे दोन असू शकतात. नदी खरोखर बदलली असेल किंवा मापक बिघडला असेल. गाळात अडकलेला पातळीमापक तासन् तास एकच आकडा देत राहतो; पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा साचला तर धो-धो पावसातही तो शून्य दाखवतो. आज्ञावलीने अशा आकड्याशी इमानेइतबारे जुळवून घेतले तर ती बिघडलेल्या मापकाइतकीच चुकीची होते, आणि चूक लक्षात येणे अधिक कठीण होते, कारण तिचे गणित आतून अगदी सुसंगत असते. शून्य पाऊस आणि चढती नदी यांचा मेळ बसत नसेल तर आज्ञावलीने आपली समजूत बदलण्यापूर्वी मापकावर संशय घ्यायला शिकले पाहिजे. शेजारचे मापक काय म्हणतात हे पाहिले पाहिजे, आणि तेही पुरेसे नसेल तर माणसाला विचारले पाहिजे.

या दुर्लक्षाची किंमत किती होऊ शकते, हे २०१८ आणि २०१९ साली जगाने पाहिले. बोइंग ७३७ मॅक्स या विमानातील एक आज्ञावली विमानाचे नाक फार वर गेले असे वाटताच ते आपोआप खाली दाबीत असे. नाकाच्या कोनाचे मोजमाप तिला एकाच संवेदकाकडून मिळे. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात त्या संवेदकाने खोटी माहिती दिली. वैमानिक नाक वर ओढीत राहिले, आज्ञावली ते खाली दाबीत राहिली. दोन्ही अपघातांत मिळून ३४६ माणसे मृत्युमुखी पडली. विमानावर कोनाचे दोन संवेदक होते; आज्ञावली एका वेळी एकाचेच ऐकत होती.

भीमेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट अशी आहे की जी कोणत्याही मापकाला दिसत नाही. भीमा आणि घोड या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यापूर्वी त्यांचे ढापे काढावे लागतात. ते वेळेवर निघाले नाहीत तर बंधाऱ्यामागे पाणी तुंबते, काठ फुटतो, आणि पाण्याच्या पातळीचे व विसर्गाचे नेहमीचे नातेच बदलून जाते. संगणकाला ही गोष्ट कळणार कशी? ती सांगावी लागेल. गावात ज्याला ती माहीत आहे, त्याला ती सहज नोंदवता येईल अशी सोय प्रणालीत असणे, हा तिच्या रचनेचाच भाग आहे. ते उपकार म्हणून नंतर चिकटवण्याचे काम नव्हे. ढापे काढले की नाही, ही एका ओळीची नोंद कित्येकदा दहा नव्या मापकांपेक्षा मोलाची ठरेल.

सभोवतालही शिकतो

नदी हट्टी असते, पण लबाड नसते. बिबट्याची गोष्ट वेगळी आहे.

शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो. उसाच्या दाट फडात बिबट्यांना लपायला जागा, प्यायला पाणी आणि कुत्र्या-शेळ्यांच्या रूपाने भक्ष्य मिळाले. पिढ्यान् पिढ्या उसातच जन्मलेले बिबटे आज येथे आहेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड आणि जांबूत परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत तिघांचा बळी गेला, त्यांत दोन मुले होती. दौंडच्या नदीकाठच्या गावांतही ही भीती आहे. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाणारा शेतकरी आणि बिबट्या एकाच वेळी एकाच बांधावर असतात.

यासाठी काही उपकरणे पुढे आली आहेत. काही प्राण्याच्या अंगची उष्णता ओळखून दिवे आणि आवाज सुरू करतात, तर काही कॅमेऱ्याच्या चित्रातून बिबट्या ओळखून भोंगा वाजवतात. त्यांचा उपयोग आहे, यात शंका नाही. मात्र ठराविक दिवा आणि ठराविक आवाज रोज त्याच जागी झाला तर प्राणी काही दिवसांत त्याला सरावतो. त्यातून इजा होत नाही, हे तो ओळखतो. म्हणून आवाजाचा प्रकार, दिव्यांचा क्रम, मध्यंतराचा काळ हे आज्ञावलीने सतत बदलत ठेवले पाहिजे. एवढेच नव्हे तर आवाजानंतर प्राणी खरोखर माघारी फिरला की नाही, याचीही नोंद घेतली पाहिजे. परिणाम न मोजता केलेला बदल हा निव्वळ गोंगाट होय.

सरावतो तो केवळ प्राणीच नव्हे. कुत्रे आले तरी वाजणारा, मांजर गेले तरी वाजणारा भोंगा वस्तीवरची माणसे तिसऱ्या रात्री बंद करून टाकतात. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट प्राथमिक शाळेत सर्वांनी वाचलेली आहे. येथे मुलाच्या जागी यंत्र आहे इतकेच. तेव्हा किती खोट्या इशाऱ्यांच्या बदल्यात एक खरा इशारा चुकू द्यायचा नाही, हे प्रमाण ठरवणे हा गणिताचा प्रश्न नाही. तो वस्तीचा प्रश्न आहे आणि वस्तीला विचारूनच सोडवला पाहिजे. शाळेच्या वाटेवर, सकाळी आणि संध्याकाळी मुले येण्या-जाण्याच्या वेळी, खोटे इशारे सोसूनही उपकरण अधिक सावध ठेवता येईल. मध्यरात्री ओसाड माळावर तेवढे कारण नाही. वेळ आणि जागा पाहून आपली सावधगिरी बदलणारी आज्ञावली लिहिणे कठीण नाही. मात्र शाळा कधी भरते, कधी सुटते, हे तिला मुख्याध्यापकांनीच सांगायला हवे.

येथे विजेचा संबंध पुन्हा येतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज मिळू लागली की रात्रीच्या पाण्याची फेरी टळेल, आणि हा उपाय कोणत्याही भोंग्यापेक्षा वरचढ आहे. यंत्राला परिस्थितीशी जुळवून घ्यायला शिकवण्यापूर्वी परिस्थितीच बदलता येते का, हे पाहणे शहाणपणाचे.

खरेदीपूर्वी काय विचारावे

शेजारच्या बारामतीत कृषी विकास प्रतिष्ठानने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग २०२४ पासून चालवला आहे. जमिनीतील संवेदक, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रे यांवरून पाणी व खते यांचा सल्ला शेतकऱ्याला भ्रमणध्वनीवर दिला जातो. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाॲग्री-एआय’ धोरणाला मंजुरी दिली. अर्थात शिरूर-दौंडच्या गावोगावी विक्रेते येणार, आणि प्रत्येकाची पेटी ‘स्मार्ट’ असणार. ग्रामपंचायत, पाणीवापर संस्था वा शेतकरी गट यांनी त्यांना काही साधे प्रश्न विचारण्याचा संकोच करू नये.

मातीतील ओलावा मोजणारा संवेदक नदीकाठच्या काळ्या जमिनीत पुरायचा की शिरूरच्या माळावरच्या मुरमाड जमिनीत? दोहोंची पाणी धरण्याची शक्ती अगदी भिन्न आहे. काळ्या जमिनीचे आकडे घेऊन माळावर पाणी सोडले तर पीक वाळेल. ठिबक चालू आणि बंद करण्याची मर्यादा एकच आहे की दोन? एकच असेल तर ओलावा त्या रेषेच्या जरा वर-खाली होताच मोटर सारखी चालू-बंद होत राहील आणि लवकर जळेल. खालच्या मर्यादेला सुरू आणि वरच्या मर्यादेला बंद, असे दोन आकडे हवेत. उंदराने तार कुरतडली तर पेटी काय समजेल: जमीन कोरडी आहे असे, की संवेदक गेला असे? भ्रमणध्वनीचे जाळे दोन दिवस बंद राहिले तर पेटी कोणत्या साध्या नियमावर येऊन थांबेल? आणि हाताने चालवायचा खटका कोठे आहे? तो पेटीच्या आत, विक्रेत्याच्या कुलपात असेल तर तो खटका नसल्यासारखाच.

याखेरीज पेटीने आपला रोजनामा ठेवला पाहिजे. कोणत्या वेळी कोणते मोजमाप मिळाले आणि त्यावरून तिने काय केले, हे मराठीत, साध्या ओळींत वाचता आले पाहिजे. तलाठ्याच्या दप्तरात फेरफाराची नोंद कारणासह असते. परिस्थितीप्रमाणे वर्तन बदलणाऱ्या यंत्राकडून त्याहून कमी अपेक्षा कशासाठी? यंत्राने स्वतःहून आपल्या मर्यादा बदलल्या असतील, तर जुनी मर्यादा कोणती होती आणि ती कोणाच्या संमतीने बदलली, हेही त्यात यावे. हा रोजनामा ग्रामपंचायतीच्या मालकीचा असेल, अशी अट करारनाम्यात घालावी. विक्रेता निघून गेल्यावरही गावाला आपले आकडे आपल्याजवळ राहतात.

डीपीवरच्या दहा पंपांविषयी एक शंका स्वाभाविक आहे. थांबणारी पेटी सर्वांनी बसवली तरच तिचा उपयोग, आणि गावात सर्वांचे एकमत होणे दुरापास्त! हिशेब मात्र तितका निराशाजनक नाही. दहांपैकी सात जणांनी नवी पेटी घेतली आणि तिघांनी जुने ऑटोस्विच तसेच ठेवले असे धरावे. वीज येताच तिघे एकदम सुरू होतील. प्रत्येकी सुमारे ४५ अँपिअर, म्हणजे १३५ अँपिअर, आणि तेही काही क्षणच. मग उरलेले सात आपापल्या चिठ्ठीप्रमाणे एकेक करून जागे होतील. अगदी शेवटचा पंप सुरू होताना नऊ चालू मोटरींचे साडेसदुसष्ट आणि त्याचे ४५ मिळून भार साडेबारा अधिक शंभर अँपिअरच्या घरात जाईल. हे दोन्ही आकडे ८७ च्या वर आहेत खरे, पण डीपी काही सेकंदांचा एवढा जादा भार सोसते. ४५० चा नाही. तेव्हा सात जणांची तयारी असेल तर उरलेल्या तिघांसाठी काम अडवून ठेवण्याचे कारण नाही.